डब्याला लावलेलं हळदकुंकू

मार्गासनीच्या पुढे एका वाडीच्या डोंगरावर आम्ही अकरा डबे बसवले होते. माती किती भिजली, उतार सरकतोय का, हे ते बिनतारी एकमेकांना सांगत आणि सगळ्यात वरचा डबा ते मला भोरला घरी कळवी. निवृत्तीनंतर एका संस्थेसाठी हौसेने घेतलेलं काम. देखरेखीला वाडीतलेच एक शेतकरी होते, माझ्या वयाचे. दर दोन दिवसांनी डोंगर चढून ते डब्यांवरच्या सौर पट्ट्या धोतराच्या सोग्याने पुसत.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी विळ्या-कोयत्यांबरोबर वरच्या डब्यालाही हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. फोनवर म्हणाले, "साहेब, आपल्या हत्याराची बी पूजा केली बगा!"

त्याच दुपारी मी घरबसल्या डब्यांना नवा प्रोग्राम पाठवला. आधी एकाच डब्यावर पाठवून दोन दिवस बघायचं, मग बाकीच्यांना, ही रीत मला पाठ होती. आठवडाभर आभाळ दाटलेलं, बॅटऱ्या उतरलेल्या, तेही पडद्यावर दिसत होतं. तरी सगळ्यांना एकदम पाठवला. अर्ध्यातच वरचा डबा बंद पडला आणि त्याच्यामागे सगळे मुके झाले.

संस्थेकडून विचारणा झाली. मी लिहून दिलं: पूजेचं पाणी आत गेल्याने बिघाड.

"साहेब, म्या कोरडं बोट लावलं. पाण्याचा थेंब न्हाई."

"मग बंद कसा पडला?" असं मी त्यांनाच विचारलं.

त्यांचं काम गेलं. देवळापुढे बसलेले लोक त्यांना हाक मारीत, "काय पुजारी, आमच्या मोटारीला तेवढं कुंकू लावू नगा!"

पुढे तो डबा घरी आणून उघडला. आत ठणठणीत कोरडा. जुना प्रोग्राम पुसलेला, नवा अर्धाच उतरलेला. मी झाकण लावलं आणि लिहून दिलेलं तसंच राहू दिलं.

यंदा ते गेल्याचं कळलं. एसटीने वाडीवर गेलो आणि त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. 

"हे त्येंना सांगायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "त्या दसऱ्यापास्नं त्येंनी घरातल्या एका बी हत्याराला बोट लावलं न्हाई पूजंला. म्हणायचे, माझ्या हातानं बंद पडतंय."