टपालाची थैली आणि ‘रन’ हा शब्द

पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षी इंग्रजीच्या प्राध्यापकांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘रन’. कोशात याचे रकानेच्या रकाने आहेत, उद्या प्रत्येकाने एकेक वाक्य करून आणा, असं सांगून ते निघून गेले. मी संध्याकाळभर वाचनालयात बसून ते रकाने उतरवून काढले. नदीला तोच शब्द, सर्दी झालेल्या नाकाला तोच, गिरणीला तोच, धुताना उतरणाऱ्या रंगाला तोच, चालू असलेल्या कराराला तोच आणि संपत आलेल्या वेळेलाही तोच. आमच्याकडे नदी वाहते, नाक गळतं, गिरणी चालते, रंग उतरतो. आमच्या घरात एकच पंचा असायचा. तोच नेसायचा, त्यानेच अंग पुसायचं, मोळी आणायची तर त्याचीच चुंबळ करायची. हा शब्द मला तसला वाटला.

दुसऱ्या दिवशी मी उठून वाक्य म्हटलं, “माझे वडील रोज धावतात.” मुलं हसली.

“कशासाठी?” प्राध्यापकांनी विचारलं.

“टपालासाठी, सर. ते रनर आहेत.”

हसू थांबलं. ते म्हणाले, “मग कोशातला पहिला अर्थ तुझ्या घरीच आहे. बाकीचे सावकाश शीक.” पुढे चार वर्षं माझ्या फीची आणि पुस्तकांची सोय त्यांनीच कुठून कुठून केली. ते उपकार मी कधी फेडू शकलो नाही.

बाबा आमच्या जोयडा गावच्या टपालाचे रनर होते. सकाळी थैली खांद्यावर घ्यायची, घुंगरं बांधलेला भाला हातात धरायचा आणि रानातून पाच मैल धावत मोठ्या किंदळीच्या झाडापाशी जायचं. पलीकडच्या सुपा गावाहून दुसरा रनर तिथे येई. दोघे थैल्या बदलत आणि आपापल्या वाटेने परतत. या बदलाचा एक रिवाज होता. थैली भुईला टेकवायची नाही. दुसरा येईपर्यंत झाडाखालून हलायचं नाही. खाली बसायचंही नाही. बसला की माणूस निजतो, निजला की थैली गेली, असं बाबा म्हणत. वाटेवरच्या वाड्यांतल्या बायका त्या घुंगरांवर वेळ धरून चुलीवरची पेज उतरवत.

बी.ए. होऊन मी मे महिन्यात घरी आलो तेव्हा बाबांचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता. त्या उन्हाळ्यात टपाल दोनदा उशिरा पोचलं होतं. आणखी एकदा उशीर झाला तर लाइनीवरून, म्हणजे रनरच्या कामावरून, काढीन, असं टपाल खात्याचे निरीक्षक बजावून गेले होते. लाइन गेली तर बाबांना राबायला दुसरं काही उरलं नसतं. त्या गुडघ्याने ना चिखलात उभं राहवणार, ना कुऱ्हाड मारवणार. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वीस वर्षं त्या रानात त्यांची ओळख त्या घुंगरांचीच होती.

माझं स्वतःचं चित्तही ठिकाणावर नव्हतं. एका हायस्कुलात मास्तरकीसाठी मी अर्ज केला होता. उत्तर येणार ते टपालानेच. रोज बाबा परतले की मी टपालाच्या खोलीपाशी घिरट्या घाली. पुस्तक उघडी, मिटी. आई म्हणे, “बस की रे घटकाभर. पायात काय इंगळ्या भरल्यात?”

एका सकाळी बाबांना अंथरुणावरून उठवेना. मी म्हणालो, “मी जातो.”

“तू?” बाबा हसले. “पुस्तकातलं धावनं न्हाई हे.”

“वाट माहीत आहे मला.”

त्यांनी सुजलेला गुडघा एकदा दाबून पाहिला. मग भाला पुढे करून म्हणाले, “जा. पन किंदळीखाली हुबा ऱ्हा. मामा येस्तवर हलू नगंस. कितीबी येळ झाला तरी.”

सुप्याकडच्या रनरला मी लहानपणापासून मामा म्हणत असे. तो आईच्या माहेरच्या गावचा होता.

मी धावलो. तरणे पाय होते. वाटेत वाडीतून एक बाई ओरडली, “आवं, आज इतक्या बिगी? माझी पेज कच्ची हाय!” मला त्याचा अभिमानच वाटला. किंदळीखाली पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर यायला चांगला अवकाश होता. मामाचा पत्ता नव्हता.

उभा राहिलो. थैलीचा पट्टा खांद्यात रुतू लागला. मुंगळे पायावर चढले. मी भाला आपटून घुंगरं वाजवली आणि कान दिला. उत्तर नाही. त्याच्या थैलीत माझं पत्र असेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. अर्धा मैल पुढे गेलो तर काय बिघडतं? वाट एकच. मामा समोरून येणार, तिथेच थैल्या बदलू, उलट वेळ वाचेल. असं स्वतःला पटवून मी निघालो. अर्ध्याचा एक मैल झाला, एकाचे दोन. पुढच्या वाडीत एक म्हातारी अंगणात सुकट पसरत होती. तिला विचारलं.

“सुप्याचा टपालवाला? तो तर कवाच गेला.”

“या वाटेने नाही गेला?”

“ह्या वाटंनं कशाला जाईल?” ती माझ्या बुटांकडे बघत म्हणाली. “मे म्हैन्यात वढा सुकतोय न्हवं? समदी वढ्यातनं जात्यात. तू कुठला रं, पावना?”

मी इथलाच, हे सांगायची मला लाज वाटली. ओढा मे महिन्यात वाट होतो, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. मलाही एकेकाळी ठाऊक होतं. खोल पात्रातून जाणाऱ्या मामाची घुंगरं वर वाटेवर ऐकू येणार कशी?

परतीचे ते दोन मैल मी जसा धावलो तसा आयुष्यात पुन्हा धावलो नाही. छातीत भाता चालला होता. मामा किंदळीखाली उभा होता, थैली खांद्यावर, डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेत.

“काय बीए सायेब,” तो म्हणाला, “झाड दुसरीकडं न्हेलं व्हतं का?”

मी धापा टाकत त्याच्यापुढे उभा राहिलो.

“तुझा बा इथं वाघ बघून बी हलला न्हाई. आन् तू?” मग माझं तोंड बघून त्याने आवाज उतरवला. “दे हिकडं. पळ आता. सुप्याचं मी बघतो.”

आमच्या पोस्टात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बाबा काठीवर रेलून दारात उभे होते. घुंगरं आली नाहीत म्हणून वाड्यावाड्यांतून विचारणा होऊ लागली होती. तो गुडघा ओढत ते घरून आले होते.

थैलीबरोबर एक कागद असे. त्यावर ती पोचल्याची वेळ लिहावी लागे. पोस्टमास्तरांनी टाक बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “घड्याळ हल्ली जरा पुढेच पळतं. किती लिहू?”

मी बाबांकडे पाहिलं. माझ्या तोंडावर ‘लिहा थोडी आधीची वेळ’ असं आलं होतं, हे कबूल करतो.

“आली तवाची लिवा, मास्तर,” बाबा म्हणाले. “आन् धावला कोन त्ये बी लिवा.”

“अरे, लाइन जाईल तुझी.”

“जाऊ द्या. मामानं तिकडं खरी येळ सांगितली असंल. त्याला खोटा पाडू?”

मास्तरांनी लिहिलं. मग थैली फोडली. माझं पत्र तीत नव्हतं.

निरीक्षक आठवड्याभरात आले आणि बाबांच्या जागी नंदिगड्ड्याचा एक तरणा गडी नेमला गेला. मला वाटलं होतं, बाबा आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडतील. पण नव्या गड्याच्या पहिल्याच दिवशी ते काठी घेऊन उठले. वाट दाखवायला हवी होती. ओढा कधी सुकतो, कुठे गवे उतरतात, पावसाळ्यात कुठल्या मुळ्या निसरड्या होतात. त्यांना खांद्याचा आधार द्यायला मी सोबत निघालो. त्या दिवशी कोणीच धावलं नाही. गुडघ्यासाठी तासभर आधीच निघालो होतो.

किंदळीखाली पोचल्यावर बाबांनी गड्याच्या खांद्यावरची थैली काढायला लावली आणि माझ्या खांद्यावर दिली.

“तू हुबा ऱ्हा,” मला म्हणाले. गड्याला म्हणाले, “तू बघ.”

मी उभा राहिलो. पट्टा त्याच जागी रुतला. मुंगळे चढले. खाली ओढ्याच्या पात्रातून कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला पुढे जावंसं वाटत होतं. एवढं सगळं होऊनही वाटत होतं. पत्र आज असेल, या विचाराने टाच आपोआप उचलली जात होती. मी मागे वळून पाहिलं. बाबा एका चिऱ्यावर टेकले होते, दुखरा पाय लांब करून. आता खांद्यावर थैली नव्हती, म्हणून त्यांना बसायला मोकळीक होती. वीस वर्षांत त्या झाडाखाली ते पहिल्यांदाच बसले असावेत. ते वर फांद्यांकडे बघत होते, नवीनच झाड बघावं तसे.

“हललास,” ते न बघता म्हणाले.

मी पुन्हा सरळ उभा राहिलो.