बुशची कड
दसरा झाला तरी ऊन काही उतरेना. परभणीच्या एमआयडीसीत सकाळीच पत्रे तापले होते आणि पल्याडच्या शिवारातल्या सोयाबीनच्या मळणीची धूळ दारातून आत येत होती. मानवतच्या एसटीतून उतरलेली राजेश्री तोंडाचा स्कार्फ सोडता सोडताच मापं घ्यायला बसली. लेथवरून आलेला पितळी बुश, म्हणजे आखूड गोल नळी, कॅमेऱ्याखालच्या काचेवर ठेवायचा. खालून उजेड, पडद्यावर बुशची काळी सावली. सावलीच्या कडेवर मशीन ठिपके टाकतं, ठिपक्यांवरून व्यास सांगतं.

ट्रे संपायच्या आत निम्मे बुश बाद मालात गेले. मोठे भरले.

"बालाजी, पुरणपोळी उतरली न्हाई का आणखी?" मालक बन्सीधर ओरडले. "हा माल बाद गेला तर उद्यापासून लेथवर दुसरा माणूस. तू बसून पितळेचे बार काप."

"मायक्रोमीटरला बराबर यायलंय की, मालक!"

"गिऱ्हाईक कॅमेऱ्याचं माप मागतंय."

बालाजी राजेश्रीकडं वळला. "ताई, तुमच्या कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय का काय?"

"मी काय घरून आणायली का मापं? दिसतंय ते सांगायली," ती फणकारली. पण बालाजीचा हात असा चुकायचा न्हाई, हे तिलाही ठाऊक होतं. तोच बुश तिनं परत ठेवला, तर माप निराळंच. उजेड कमी केला, वाढवला. धूळ नको म्हणून दार लोटलं, तर आत भट्टी झाली. बूड खुर्चीला टिकेना. शेवटी तिनं पडद्यावर कड मोठी करून पाहिली. एका बारक्या फुगवट्यावर चार ठिपके गोलाच्या बाहेर गेले होते. बुशला पितळेचा कीस राहिला असंल, म्हणून तिनं बुश जागच्या जागी फिरवला. कीस बुशचा असता तर त्याच्यासंगं फिरला असता.

फुगवटा हलला न्हाई.

तिनं बुश उचलून काचेवर बोट फिरवलं. बोट तेलकट, लाल झालं. खंडेनवमीला सगळ्या मशिनींना कुंकू लागलं, तेव्हा "माझ्या मशीननं काय पाप केलंय?" म्हणत काचेवर बोटं ओढली होती ती तिनंच. मग हाताला येईल त्या फडक्यानं पुसली. पुसली कसली, पसरवली. काचेवरचे तेच कण बुशच्या कडेला लागून सावली मोठी दाखवत होते.

कुणी बघत नव्हतं. गुपचूप पुसलं असतं तर भागलं असतं. पण बालाजीवर पडलेला डाग तसाच राहिला असता.

"मालक, माल बरा हाय! काच मी घाण केलती."

बन्सीधर आले, तिचं बोट बघितलं अन् कपाळावर हात मारला. "मशीनला देव केलंस, अन् माणूस बळी द्यायलीस व्हय गं!"

स्पिरिटनं काच लख्ख करून तिनं बाद माल पुन्हा मोजला. दोन बुश खरंच मोठे होते. बाकी सगळे पास.

"ते दोन माझेच," बालाजी म्हणाला. "अन् ताई, पुढल्या साली मशीनला नुसतं फूल दावा. लांबून."

ती हसली न्हाई. लेथ सुरू झाला तशी तिनं पुढचा ट्रे ओढला आणि काचेवर ठेवायच्या आधी एकेक बुश रॉकेलात बुडवून ब्रशनं घासायला लागली.