कोणाची रुई आधी

एक बोट वर करायचं आणि मान न उचलता म्हणायचं, "थांबा जरा. बुढ्ढा गाडीतून उतरून राह्यला."

दिग्रसच्या बाजारातल्या त्या गादीच्या दुकानात गेलेल्या प्रत्येकाने हे बोट पाहिलं आहे. गिऱ्हाईक थांबायचं. बुढ्ढा उतरायचा. मग आपा मोबाइलवरची कादंबरी बंद करून विचारायच्या, "बोला, गादी का रजई?"

नवऱ्यामागे दुकान आपाच चालवत. माझं वार्तापत्राचं ऑफिस समोर होतं, त्यामुळे दिसलं ते लिहितो. सकाळी पिंजायची मशीन चाले. दुपारी ती बंद करून आपा टाके घालायला बसत आणि कादंबरी लावत. नागपूरच्या मुलीने मोबाइलवर ती ऐकायची सोय करून दिली होती. इयरफोन रुईच्या तुसाने टिकत नसत, म्हणून मोबाइल स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा करत. आवाज घुमून अर्ध्या गल्लीला ऐकू जाई.

ऐकत त्या एकाच प्रकारचं. अमेरिकेतल्या जुन्या काळच्या, हिंदीत आलेल्या कादंबऱ्या. गाव एक, पण गोऱ्यांचं दार वेगळं, काळ्यांचं वेगळं. आपा त्यातल्या माणसांवर रागावत, हसत, कोणाला "अगं, जाऊ नको तिकडं" म्हणून बजावतही.

"इथल्या गोष्टी काहून ऐकत नाही, आपा?" मी एकदा विचारलं.

"इथल्या गोष्टीत आडनाव आलं का आपण आधीच ठरवून टाकतो, हा कोण अन् कसा. तिथलं आडनाव मले काही सांगत नाही, भाऊ. मंग माणूस नीट ऐकू येते."

एका वर्षीची कादंबरी कापसाची होती. काळा म्हातारा पहाटे सगळ्यांच्या आधी जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीवर, कापसाची गाडी लावतो. मागून गोऱ्यांच्या गाड्या येतात आणि पुढे काढल्या जातात. तो दिवसभर तिथेच. हा भाग आपा पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत. "पहिली गाडी त्याचीच होती ना?" एवढंच म्हणत.

आता पिंजण्याची एक गोष्ट सांगायला हवी. मशीनच्या दातांत आधीच्या घराची थोडी रुई अडकते आणि पुढच्या घराच्या गादीत जाते. म्हणून आपांच्या दुकानात एक क्रम होता. पेठेतली गाठोडी आधी, नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली सगळ्यांत शेवटी. हा क्रम सासऱ्यांच्या काळापासून होता. तो कोणी बोलून दाखवत नसे.

लग्नसराईत एका सकाळी वस्तीतल्या कांताबाई लेकीच्या गाद्यांची रुई घेऊन सर्वांच्या आधी आल्या. त्या जिनिंगमध्ये कामाला होत्या. सवयीने गाठोडं कोपऱ्यात ठेवून त्या निघाल्या. मागोमाग पेठेतल्या काकू आल्या. आपांनी बोट वर केलं.

"थांबा, काकू. नंबर कांताबाईचा हाय."

काकूंना आधी गंमत वाटली. मग म्हणाल्या, "बरं, पण नंतर मशीन धुवून घेशील ना?"

"पिंजायच्या मशीनले पाणी लावते का कोणी?"

काकूंनी गाठोडं उचललं आणि ड्रायव्हरला पुसदचा रस्ता धरायला सांगत त्या गाडीत बसल्या. त्यांच्यामागे पेठेतली आणखी घरं गेली. हंगामात दुपारी बंद होणारी मशीन सकाळीच बंद होऊ लागली. दुकान टिकेल का, हा प्रश्न गल्लीत उघडपणे विचारला जाई. आपांच्या भावाने जुना क्रम परत लावायला सांगितला. त्या नाही म्हणाल्या.

कांताबाई गाद्या न्यायला आल्या तेव्हा मी तिथेच होतो. आपांनी चहा मागवला आणि म्हाताऱ्याची सगळी हकिकत सांगितली. ते ऐकून आपल्याला कसं उमगलं, हेही.

कांताबाईंनी चहा संपू दिला. मग म्हणाल्या, "अमेरिकेतून समजलं का तुमाले? मी तर इथंच उभी होती, आपा."

आपांनी डब्यातला मोबाइल काढून बंद केला. पुढे कित्येक दिवस गल्लीत आवाज घुमला नाही.

मग एका दुपारी कांताबाई रजई घेऊन आल्या आणि त्यांनी दारातूनच विचारलं, "त्या बुढ्याचा नंबर लागला का नाही?"

"शेवट राह्यला ऐकायचा."

"मंग लावा ना. कायले थांबल्या?"

सुट्टीच्या दिवशी दोघी ऐकत बसत, एक सुई ओवत, दुसरी टाके घालत. म्हाताऱ्याचा नंबर शेवटपर्यंत लागला नाही. "मले वाटलंच होतं," कांताबाई म्हणाल्या. आपांनी डबा पालथा घातला.

दुकान लहान झालं, पण चाललं. वर्षभराने काकूही परत आल्या. पुसदच्या गादीत गोळे झाले होते.

गेल्या हिवाळ्यात आपा गेल्या. सकाळी दुकान उघडलं नाही. ज्यांना कळलं नव्हतं, त्यांनी नेहमीप्रमाणे येऊन बंद शटरसमोर गाठोडी ठेवली होती, आली तशी, एकामागे एक. सगळ्यांत पुढचं नाल्यापलीकडचं होतं. कांताबाई पायरीवर बसून येणाऱ्याला खबर देत होत्या.

काकूंचा गडी आला. कांताबाई खबर सांगायच्या आत त्याने बंद शटरकडे पाहिलं, ओट्यावरच्या रांगेकडे पाहिलं, आणि कोणाला काही न विचारता गाठोडं रांगेच्या शेवटी ठेवलं.