छापील पुस्तकात नसलेली ओळ

मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भुताखेताचं सांगणाऱ्याला तोंडावर हसणारी बाई म्हणून स्टाफमध्ये बदनाम. त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... तरी लिहिते.

आमची एक माजी विद्यार्थिनी, मूळची मुखेडची. तिची पहिली कादंबरी आली — डार्क फँटसी. जमिनीखाली मेलेल्यांचं राज्य, त्यांची राणी, आणि वर माणसांचं गाव. प्रत हातात देऊन म्हणाली, "मॅडम, वाचून खरं खरं सांगा." खरं सांगायचं तर पहिली पन्नास पानं मी जांभया देत वाचली. नावं अशी की जीभ अडखळावी, आणि पानोपानी रक्त. मग त्यात एक म्हातारी आली आणि मी सावरून बसले. राणी केव्हा जमीन हलवेल नेम नाही, म्हणून ही रोज तांब्यावर पेला उपडा ठेवून निजते. पेला वाजला की बाहेर पळायचं.

हे तर आमच्या घरातलं. मी किल्लारीची. भूकंपानंतर आई कित्येक वर्षं अशीच उशाशी तांब्या-पेला ठेवून अंगणात पत्र्याखाली झोपायची. स्लॅबवर तिचा काडीचा भरवसा नाही. गेल्या उन्हाळ्यात मीच तिची चेष्टा केली, आतल्या खोलीत कूलर बसवला आणि तिची खाट आत नेली. तांब्या-पेलाही मीच उचलून फळीवर ठेवला.

तर त्या दिवशी दुपारी तीनचा सुमार, लायब्ररीत शुकशुकाट, मी कादंबरी पुढे वाचत बसले होते. डाव्या पानावर, खालून तिसरी ओळ — 'पेला वाजलाच नाही, आणि छत म्हातारीवर आलं.' तिथल्या तिथे आईला फोन लावला.

"काय करायलीस?"

"पडलेय की जरा, कूलरम्होरं."

पुस्तकात वाचलं म्हणून बाहेर ये, हे कुठल्या तोंडानं सांगणार? मी थाप मारली, "आवाज तुटतोय गं. अंगणात ये बरं."

"मला तर चांगलं ऐकू यायलंय. लई तरास देतीस तू." कुरकुरत उठली, चपला सापडेनात म्हणून आणखी कुरकुरली. मग बाहेरच्या कोंबड्या ऐकू आल्या... आणि पाठोपाठ धाडकन आवाज.

"आई? आई, बोल ना..."

आधी दाराची कडी वाजली, मग म्हणाली, "स्लॅबचा गिलावा पडला गं. समदा खाटंवर."

जमीन हलली नव्हती. पावसाळ्यात स्लॅब गळायचा, त्यानं आतून कुजला असणार. तेवढं मला समजतं.

फोन ठेवून ती ओळ पुन्हा बघायला पुस्तक उघडलं. ओळ नव्हती. त्या जागी म्हातारी शेळीला पाला घालत होती. मागची-पुढची पानं चाळली, रात्रीपर्यंत सगळी कादंबरी संपवली. छत कुठेच पडत नाही.

दुसऱ्या दिवशी लेखिकेला फोन करून ती ओळ म्हणून दाखवली. पोरगी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हे पहिल्या खर्ड्यात होतं. पण म्हातारीला मारायला हात धजेना, म्हणून काढलं. तो खर्डा मी कुणालाच दाखवला नव्हता."

भास म्हणून पाहिलं, मनाचे खेळ म्हणून पाहिलं. पण शब्द जसेच्या तसे कसे? कादंबरीबद्दल म्हणाल तर रक्त कमी करून म्हातारीला जास्त पानं द्यायला हवी होती, असं तिला कळवलंय.

रविवारी किल्लारी गाठली. खाटेवर ढिगारा तसाच होता, मधोमध उशीवर उखळाएवढा तुकडा. तो बघून माझा धीर सुटला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले आणि सगळं सांगून टाकलं. तिनं निवांत ऐकून घेतलं.

"अन् पुस्तकातली म्हातारी?"

"जगली."

"बरं झालं बाई," असं म्हणाली, आणि माझे केस सोडून तेल लावायला बसली.