क्लासमधला क्लास

मी नांदेडहून लातूरला आले ती डॉक्टर व्हायला. ते काही झालं नाही. पुढं संगणकाची पदवी घेतली आणि लातुरातच एका क्लासच्या मुलांसाठी सरावपरीक्षेचं अ‍ॅप बनवायची नोकरी लागली. ऑफिसात आम्ही दोघीच. दुसरी माझ्याहून मोठी, औशाकडची. मी तिला ताई म्हणायचे.

पडद्यावर काय दिसावं एवढं आम्ही लिहायचो, तो उभा करायचं काम यंत्रणेचं. त्या लिखाणातही 'क्लास' असतो, पण तो शिकवणीचा नव्हे, तो एक साचा असतो. आमचा मूळ क्लास होता 'प्रश्न'. साधा प्रश्न आणि चित्राचा प्रश्न, दोन्ही त्याचेच वारस. पदवीला हे पाठ केलं होतं, पण माझ्या ते डोक्यात शिरेना.

ताई म्हणाली, "भूकंपानंतर आमच्या गावाला एकाच नकाशाची घरं मिळाली. आम्ही पुढं ओसरी काढली, शेजाऱ्यानं गोठा बांधला. मूळ घर तेच हाय की न्हाई?"

तिचे वडील त्या भूकंपात गेले होते. ओसरी आईनं उन्हात उभं राहून बांधून घेतली, हे तिनं सहज सांगितलं आणि पुन्हा कामाला लागली.

अ‍ॅप तयार झाल्यावर क्लासमधल्या मुरुडच्या एका मुलीला ते बघायला बसवलं. चित्राचा प्रश्न नीट दिसला. पुढचा साधा प्रश्न आला आणि पडदा कोरा. मुलगी घाबरली.

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

"न्हाई गं बाळा, आमचं चुकलंय," ताई म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "काय करायलंय हे?"

आम्ही कोड उघडला. यादीतून प्रत्येक प्रश्न, साधा असो की चित्राचा, नुसता 'प्रश्न' म्हणून यायचा. चित्र काढून घेण्यासाठी आम्ही त्याचं 'चित्राच्या प्रश्ना'त रूपांतर करत होतो, तेही सरसकट. साध्या प्रश्नाचं तसं रूपांतर होईना, हाती काहीच येईना, आणि पडदा तिथंच अडायचा.

"ताई," मी म्हणाले, "प्रत्येक घराला गोठा हाय असं धरून आपण बैल घेऊन शिरतोय."

ताई इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. मग तिनं एक अट घातली: आधी प्रश्न चित्राचा आहे का ते बघायचं, असला तरच रूपांतर करायचं. पडदा चालू झाला.

मुलगी मात्र उठेना. "अजून एक पेपर सोडवू का?"

ताईनं डब्यातलं धपाटं तिच्यापुढं ठेवलं. एका हातानं खात, दुसऱ्या हातानं ती उत्तरं देत राहिली. आम्ही दोघी तिच्या मागं उभ्या राहून बघत होतो. डॉक्टर न झाल्याची रुखरुख त्या दुपारी माझ्या मनात आली नाही.