मामांच्या कळपाची गोळी

आपल्याला रोग झालाय हे कबूल न करणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण डॉक्टरांनाच "तुमचं यंत्र दमलंय, त्येला इस्रांती द्या" असं सांगणारे एकटे माझे थोरले मामा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बारामतीत नोकरीला होतो. मामा कळंबहून एसटीनं तब्येत तपासून घ्यायला येत आणि माझ्याकडे जेवून परत जात. रक्तदाब वाढलाय म्हटलं की म्हणत, "दुखत न्हाय, खुपत न्हाय, मग रोग ऱ्हातो कुठं?" रक्तातली चरबी वाढल्याचं ऐकून तर ते दुखावलेच. "चरबी चढलेल्या मेंढराला बाजारात भाव येतो, आन् मला ही शिक्षा?" डॉक्टरांनी मीठ तोडलं, तर मामांनी लोणच्याची फोड मोठी केली, मुरलेलं मीठ अंगाला लागत नाही म्हणे! मटण सोडलं, पण रस्सा तवंगासकट ओरपत. "रश्श्याचं नाव कुठं घेतलं व्हतं डाक्तरनी?"

एकदा महिन्याच्या गोळ्या सहा दिवसांत संपवून आले. मी ओरडलोच, "अहो मामा, गोळ्या आहेत का फुटाणे?" मामा शांत. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. "एका मेंढराला रोग दिसला की समद्या कळपाला औषिद पाजत्यात. तुला एवढंबी ठावं न्हाय?" गावातल्या पारावर बसणाऱ्या आपल्या चार दोस्तांना ते रोज आपली गोळी देत होते! मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्याच आठवड्यात त्यातले नाना पारावरच चक्कर येऊन पडले. नाना वाचले, पण मामा पार खचले. डॉक्टरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. माझ्या खोलीवर आल्यावर जेवेनात. "माझ्या हातनं माणूस गेला असता रं," म्हणाले. मग हळूच, "आजारी मेंढरू येगळं बांधत्यात, भाच्या. येगळं बांधलं की त्ये चारा सोडतंय. मला येगळं बांधू नका." इतके दिवस मी त्यांना हट्टी म्हणत होतो. माणूस घाबरला होता हो, आणि मला कळलंच नव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी मामा चौघांनाही दवाखान्यात घेऊन आले. दोघांना खरंच रक्तदाब निघाला. नाना मात्र ठणठणीत, पडले होते ते मामांच्या गोळीनंच! तेव्हापासून सकाळी पारावर पाचही जण तांब्याभोवती बसत. मामा कळप बाहेर काढताना देतात तशी "काढाऽ" म्हणून हाळी देत, की तिघं आपापली गोळी घेत आणि ज्यांना रोग नव्हता ते दोघं गुळाचा खडा. वगळायचं कुणालाच नाही. मामांनी पुढं एकही दिवस गोळी चुकवली नाही, आणि चांगली बरीच वर्षं काढली.

आता मामा नाहीत, पारावरचंही कुणी उरलं नाही. मलाही तीच गोळी लागली आहे. मुलं कामाला गेली की मी स्वयंपाकघरात एकटाच ती हातावर घेऊन उभा राहतो. पाणी भरलेलं असतं, गोळी समोर असते, तरी थोडा वेळ थांबतो. मग स्वतःच हळू आवाजात "काढाऽ" म्हणतो आणि गिळतो.