पटले मॅडमची भांडणशाळा

पटले मॅडमच्या इंग्रजीच्या वर्गाला वही नसली तरी चाले, भांडण मात्र लागे. तेही खरंखुरं, ताजं. कुडवा गावात एका किराणा दुकानाच्या माडीवर वर्ग भरायचा. कोणी घरी पोवारी बोलणारं, कोणी हिंदी. मी केशोरी गावची, शिकायला इथे मावशीकडे राहणारी, झाडीबोलीवाली. इंग्रजीचं नाव काढलं की सगळ्यांचीच दातखीळ बसायची. भांडण आधी आपल्या बोलीत करून दाखवायचं, मग तेच इंग्रजीत. समोरची पार्टी मॅडम स्वतः व्हायच्या, आणि इतक्या निर्लज्जपणे की खरा शत्रू परवडला.

माझं भांडण शेताचं होतं. शेजाऱ्याने बांध फोडून आमच्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, पाणी आपल्या धानाला घेतलं होतं. बोलीत मी चांगली तोफ डागली. इंग्रजीची पाळी आली आणि खांबासारखी उभी राहिले.

"चूप काऊन झाली वो?" मॅडम म्हणाल्या. "घरी भांडताना शब्द शोधत बसतेस का?" मग कमरेवर हात ठेवून, शेजारी बनून इंग्रजीत सांगू लागल्या की पाणी आमचंच, चोर तुझा बाप. माझं डोकं सटकलं.

"यू ब्रोक माय बांध!" मी ओरडले. मग भानावर येऊन विचारलं, "मॅडम, बांधाला इंग्रजीत काय म्हणतात?"

"ते मंग पाहू. आधी पानी तर वापस घे!"

वर्ग सुटेपर्यंत मी पाणी परत मिळवलं, वर माफीही मागवून घेतली.

दिवाळीपर्यंत नोकरी, नाहीतर लग्न, असं बाबांनी तेव्हा बजावलं होतं. नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनसाठी बोलावणं आलं. मुलाखत इंग्रजीत. मी ओळखीची वाक्यं घोकून गेले आणि सुरुवातीलाच अडले. समोरच्या बाई फाईल मिटत इंग्रजीत म्हणाल्या, "खेड्यातल्या मुली कंटाळून घरी पळतात. तुम्हाला का घ्यावं?"

झालं! पाठ केलेलं गेलं चुलीत. मी इंग्रजीतच विचारलं, "पळालेल्या आठवतात, टिकलेल्या आठवत नाहीत का? मी दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी केली आहे. खुर्चीवर बसून कशी कंटाळेन?" क्रियापदं घसरत होती, पण मी थांबले नाही. बाई चक्क हसल्या. "इथे रोज चिडलेले नातेवाईक येतात. मला न घाबरणारंच माणूस हवं होतं. सोमवारी या."

दवाखान्याच्या फाटकातूनच मॅडमना फोन लावला. "लागली रे, लागली!" त्या वर्गाला ओरडून सांगत होत्या आणि पोरं बाकं बडवत होती. मला रडू फुटलं. मॅडमचा इतका अभिमान वाटला की स्वतःचा वाटायचा राहूनच गेला.

"आता बाबाले फोन लाव," मॅडम म्हणाल्या. "आन हळू बोल बरं. जिंकल्यावर ओरडा लागत नाही."

मी अगदी हळू सांगितलं. पलीकडे बाबाच शेताच्या धुऱ्यावरून आईला ओरडत होते, "अवो, आयकून राहिली का? आपली पोरगी नागपूरले लागली!"